आत्याचा डावा पाय

ती माझी सख्खी आत्या. पण एकदा सरावात मी घाईघाईत "आत्या, बॉल!" असं ओरडले आणि त्या दिवसापासून ती अख्ख्या टीमची आत्या झाली. कोच मॅडम तिच्याहून लहान, त्याही तिला आत्याच म्हणतात. रेफ्री तेवढे म्हणत नाहीत, पण तिच्याशी जपूनच बोलतात.

इतकी वर्षं खेळूनही आत्याच्या नावावर बास्केट फारशा नाहीत. तिचं काम आडवं उभं राहायचं. मी बॉल घेऊन निघाले की माझ्या पाठी लागलेल्या मुलीच्या वाटेत ती ठाण मांडते. ती मुलगी तिच्यावर आदळते आणि मी मोकळी सुटते. टाळ्या मला, काळेनिळे डाग तिला. बाबांनी एकदा विचारलं, "ताई, तुला स्वतःला बास्केट करावीशी वाटत नाही का गं?"

"खांब फिरायला गेला तर छप्पर कुणी धरायचं?" आत्या म्हणाली आणि गुडघ्याला बर्फ लावत बसली.

आडवी उभी राहिली की ती डावा पाय दोनदा आपटते. धप्, धप्. म्हणजे आत्या आली, आता हिच्या अंगावरून वळ. मला बघावंही लागत नाही.

घोटाळा असा झाला, की हे इतरांनाही कळलं. सेमीफायनलला धप् ऐकू आलं की समोरच्या मुली आधीच वळसा घालून माझ्यापुढे हजर. आम्ही कशाबशा जिंकलो. मॅडम म्हणाल्या, "आत्या, फायनलला तुम्ही बाकावर. नंतर छान निरोप देऊ."

आत्याने आठवडाभर पाय न आपटण्याचा सराव केला. पण स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहिली तरी धप् धप्! खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, काय कुटताय म्हणून.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला फुलं नकोत गं. अजून एक वर्ष खेळायचंय." तिला इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

फायनलला आमची उंच मुलगी पाच फाउल होऊन बाहेर गेली. बाकावर तिच्या जागी उभी राहील अशी एकटी आत्याच. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि तिला आत पाठवलं. शेवटचे काही सेकंद उरले होते, आम्ही एका गुणाने मागे होतो, बॉल माझ्या हातात होता.

डावीकडे धप्, धप्.

झालं, गेली मॅच, असं मनात आलं. तरी सवयीने मी डावीकडेच वळले. माझ्यावर आणि आत्यावर नजर ठेवणाऱ्या दोघी मुली माझ्यावरच तुटून पडल्या. मी आत्याच्या अंगावरून वळायला गेले, तर तिथे आत्याच नाही!

ती बास्केटखाली उभी होती. एकटी. हात वर करून. लबाड बाई! मलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असतं सगळ्यांना. मी दोघींच्या डोक्यांवरून बॉल फेकला. आत्याने तो झेलला, फळीला अलगद लावला आणि बॉल जाळीतून खाली आला. शिट्टी वाजली.

आजवर तिने मला मोकळं केलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला पास दिला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मॅडम निरोपाचा गुच्छ घेऊन आल्या आणि तशाच थांबल्या. आत्या बुटाची नाडी सोडत होती.

"मॅडम, पुढच्या सीझनचा सराव कधीपासून?"

मॅडमनी गुच्छाकडे बघितलं, मग तो माझ्या हातात कोंबला. "सोमवारपासून. सकाळी. आणि त्या पायाचं काय करणार आहात?"

"आपटणार," आत्या म्हणाली. "कधी खरा, कधी खोटा."