भिंतीमागचा कोळसा

मी कोळसा बोलतोय. चुलीतला नव्हे, नारळाच्या करवंटीचा. आंध्रच्या किनाऱ्यावरच्या आमच्या उद्दानमच्या बागांतल्या करवंट्या भट्टीत जाळल्या, वाफेवर तापवल्या आणि माझे बारीक काळे दाणे झाले. पोत्यात बसून मी परत आपल्याच मुलखात आलो. डायलिसिस केंद्राच्या मागच्या खोलीत, माणसाच्या उंचीच्या निळ्या टाकीत मला ओतलं.

माझं काम काय, हे मला नीलवेणी सिस्टरांकडून कळलं. त्या केंद्राच्या प्रमुख परिचारिका. नव्या मुलींना टाकीपाशी उभं करून त्या म्हणाल्या, "पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात. प्यायलं तर पोट सोसतं. पण यंत्रात हेच पाणी रक्ताच्या शेजारून वाहतं. क्लोरीन राहिलं, तर रक्तातल्या पेशी फुटतात. माणूस खुर्चीतच जाईल! ते अडवतो हा कोळसा. आणि याचं पोट भरलं की हा कुणाला सांगत नाही."

त्या दिवसापासून भीतीने माझी पाठ सोडली नाही. खरंच, मला कुठे बोलता येत होतं?

सिस्टरांचा एक नियम होता. प्रत्येक पाळीआधी माझ्यातून आलेलं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, औषध टाकायचं. गुलाबी झालं, म्हणजे क्लोरीन उरलंय, तर यंत्र बंद. माझ्यामागे कोळशाची आणखी एक टाकी हवी, असंही त्या म्हणायच्या. केंद्राचे मुख्य डॉक्टर सोमयाजुलू मान हलवायचे. "बघू, पुढच्या महिन्यात."

मग वादळ आलं. माड आडवे झाले, रस्ते अडले, लोकांच्या डायलिसिसच्या पाळ्या चुकल्या. रस्ता मोकळा होताच सगळे एकदम आले. कुणाचे पाय सुजलेले, कुणाचं तोंड. इकडे रोगराईच्या धास्तीने पंचायतीने गावाच्या पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर सढळ हाताने ओतली होती. ते पाणी माझ्यावर येऊ लागलं. सकाळची पाळी मी कशीबशी निभावली. दुपारपर्यंत माझ्या दाण्यांतलं एकेक बारीक भोक भरत गेलं. क्लोरीन माझ्या अंगावरून सरळ पुढे निघालं. मला कळत होतं, थांबवता येत नव्हतं.

भिंतीपलीकडे माडावर चढून नारळ उतरवणारे सिंहाचलम खुर्चीत धापा टाकत होते. अंगात साठलेल्या पाण्यामुळे त्यांना आडवंही होता येत नव्हतं. त्यांची बायको दालम्मा पाठ चोळत होती.

"लावा लवकर," डॉक्टर म्हणाले.

"पाणी बघायचंय," सिस्टर म्हणाल्या.

यंत्रं सांभाळणारा तविटय्या वैतागला. "अक्का, सकाळी बघितलं की! पाणी काय तासातासाला जात बदलतं?"

"आज बदलेल. आण नळी."

नळी गुलाबी झाली. साधी नव्हे, जास्वंदीसारखी.

"सगळी यंत्रं बंद," सिस्टर म्हणाल्या.

दालम्मा धावून आली. "माझा माणूस कोरड्या जागेवर बुडतोय, आणि तू रंग बघत बसलीस? तुझा नवरा असता तर?"

"तरी लावलं नसतं, अम्मा."

"मेला तर तुझ्या दारात आणून टाकीन!"

बाहेर लोक दार वाजवत होते. डॉक्टरांनी नळी हातात घेतली, उजेडात धरली. त्या क्षणी ते 'चालवा' म्हणाले असते, तर कुणी अडवलं असतं? माझा दाणा न् दाणा थिजला.

डॉक्टर दारात जाऊन उभे राहिले. "यंत्रं माझ्या हुकमाने बंद आहेत. शिव्या मला द्या. दुसरी टाकी मी लांबणीवर टाकली, सिस्टरांनी नव्हे." मग त्यांनी सिंहाचलमना प्राणवायू लावून गाडीत घातलं आणि स्वतः सोबत मोठ्या इस्पितळाकडे निघाले. बाकीच्यांना कुठे पाठवायचं, यासाठी सिस्टर फोनला चिकटल्या.

त्या वाटेवर अजून एक माड आडवा पडलेला होता. गाडी अडल्याचा निरोप आला आणि पुढे काहीच नाही. सिस्टर माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसल्या. "देवा, मी त्याला मारलं का?" एवढंच पुटपुटत राहिल्या.

दिवेलागणीला फोन वाजला. तविटय्या ओरडतच आला, "अक्का, गाडी पोचली, सिंहाचलम मामाला यंत्र लागलं! शिव्या देतोय म्हणे, म्हणजे ठीक आहे!" सिस्टर हसायला गेल्या आणि त्यांना रडू कोसळलं.

मला टाकीतून उपसलं. आता मी अंगणात पोत्यात पडून आहे. आत नवा कोळसा आहे, आणि त्याच्यामागे दुसरी टाकीही. पण त्यांनाही वाचा नाही. म्हणून सांगतो, आमच्यावर विश्वास टाकू नका. आम्हाला तपासा, रोज, घाई असेल तेव्हा तर आधी.

आज सिंहाचलमची पाळी आहे. दालम्मा त्यांना खुर्चीत बसू देत नाहीये. दाराशी हात पसरून ती उभी आहे.

"आधी नळी दाखव, तविटय्या. मग बसेल हा."

तिला कुणी गप्प करू नका.