बासष्ट किलोचा गट

डब्यात ज्वारीची एक भाकरी, काकडीच्या सहा फोडी आणि तीन अंड्यांचा पांढरा भाग. शेजारी कागदाच्या पुडीत अंगातलं पाणी उतरवायच्या चार गोळ्या.

"ह्या कुणी दिल्या, धुडकूभाऊ?"

"वस्तादांनी. लागल्या तरच घ्यायच्या, ताई."

पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये मी प्रयोगशाळेत होते. धुडकू कापड वाळवायच्या मशीनवर. संध्याकाळी पाचला कुस्तीच्या निवड चाचणीसाठी वजन होणार होतं. धुडकूचं वय चौतीस. पुढच्या वर्षी वस्ताद त्याचं नाव देणार नव्हते. बासष्टच्या गटात मात्र त्याला यंदा संधी होती. तीन आठवडे मी त्याला खाणं ठरवून देत होते आणि रंगखात्याच्या काट्यावर रोज त्याचं वजन करत होते.

आज काटा एकसष्ट किलो नऊशेवर थांबला. डबा घेऊन आलेली त्याची बायको सुंदरा हसली.

"ताई, लगीनमा हाऊ सत्तर किलोना व्हता. मना बाकीना नवरा कोठे गया, त्या काट्याले इचारा!"

धुडकू खाली उतरला. काटा शून्याच्या मागे जाऊन थांबला.

रंग मोजण्याआधी आम्ही रिकामी बादली ठेवून काटा शून्यावर आणतो. धुडकूसाठी बादली मी रोज उचलत होते. काटा पुन्हा शून्यावर आणत नव्हते. आणि वजन वाचलं की माझं लक्ष वहीत. बादली एक किलो दोनशे ग्रॅम भरली; तेवढं वजन रोज कमी दिसत होतं.

"तुमचं वजन त्रेसष्ट किलो शंभर आहे," मी म्हणाले. "चूक माझी."

त्याने पुडी उघडली.

"रात्री पायात गोळे येतात म्हणालात ना? या गोळ्यांनी पाण्याबरोबर अंगातले क्षारही जातील. हृदयाचे ठोके बिघडतील."

"वरच्या अडुसष्टच्या गटात उतरलो तर पोरं उचलून आपटतील, ताई."

"आपटू दे," सुंदरा म्हणाली. आता ती हसत नव्हती. "पन तू आख्खा घर ये."

त्याने गोळ्या पुन्हा कागदात गुंडाळल्या. मग पुडी माझ्या हातात देऊन माठाकडे गेला. दोन ग्लास पाणी सलग प्यायला, तिसरा सावकाश. भाकरी त्याने नंतर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अडुसष्टच्या गटात त्याची एकच कुस्ती झाली. पाच मिनिटं पूर्ण. पाठ टेकली नाही. गुण : धुडकू दोन, समोरचा नऊ.