दंतवैद्यांच्या भिंतीवरचा समुद्र

मी नकाशा बोलतोय. पण मला पत्ता विचारू नका, माझ्यात रस्तेच नाहीत. सगळा समुद्र आणि कडेला चिमूटभर किनारा. अडीचशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून मला जाड कागदावर छापलं. माझ्यावरचे आकडे म्हणजे पाण्याची खोली, वावांत मोजलेली. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरावेत एवढं अंतर.

जहाजावर कप्तान रोज माझ्यावर झुकायचा. मला वाटे, काय हा आदर! पुढे कळलं, ताट ठेवायला त्याला दुसरं टेबलच नव्हतं. पोटावरचा तेलाचा डाग तेव्हाचा.

जहाज मोडीत निघालं, मी पेटीत गेलो, पेटी माळ्यावर. शेवटी लिलावात एका दातांच्या डॉक्टरांनी मला घेतलं. जुने सागरी नकाशे जमवायचं त्यांना भारी वेड. स्वतः मात्र होडीत पाय ठेवला की ओकायचे!

घरात शिरताच त्यांची बायको म्हणाली, “आणखी एक फडकं? भिंत तरी उरलीय का?”

“अगं, फडकं काय म्हणतेस! अठराव्या शतकातला आहे.”

“वासही तेव्हाचाच येतोय.”

शेजारी रंगीत देवमासे मिरवणारे नकाशे होते. तरी सगळ्यांत देखणा मीच, अशी माझी ठाम समजूत.

पुढे डॉक्टरांची दृष्टी गेली. आधी दवाखाना बंद झाला. मग ते भिंतीशी येऊन काचांवरून नुसता हात फिरवू लागले. एक दिवस म्हणाले, “विकून टाकू सगळे. आता कुणासाठी ठेवायचे?”

व्यापारी आला. एकेक भाऊबंद खाली उतरला. माझ्यावर हात पडला तशा डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. “हा राहू दे.”

मी चौकटीत मावेना. रूपाची पारख झाली एकदाची!

“हा तर डागाळलेला आहे,” व्यापारी म्हणाला.

“असू दे. याचे आकडे मोठे आहेत. मला चष्म्याशिवाय वाचता येतात.”

घ्या! उतरलं माझं भूत.

आता रोज दुपारी बाई मला टेबलावर पसरतात. डॉक्टर खुर्चीत मान टेकतात. बाई बोट सरकवत वाचतात, “नऊ वाव. अकरा. इथे तळाला वाळू.”

“हळू चालव. पुढे खडक आहेत.”

“दिसतायत मला. तुम्ही धरून बसा.”

डॉक्टर खरोखरच खुर्चीचे हात घट्ट धरतात.

एवढीच विनंती, मला पुन्हा काचेत कोंडू नका. बाईंचं बोट किनाऱ्याला लागायला अजून बरंच पाणी बाकी आहे.