चौथी धाव

"थांब! भानुदास, थर्डवरच थांब!" दोन्ही तळवे उंचावून परीक्षित ओरडत होता. मागे नकुलचा फटका पार कुंपणापर्यंत गेला होता, भानुदासला तिसऱ्या बेसवरून पुढे पळत आरामात होम प्लेट गाठून धाव काढता आली असती. पण परीक्षितला ती धाव नकोच होती.

अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या चाळिशीपुढच्यांच्या बेसबॉल लीगची ही फायनल. सातपैकी सहावी इनिंग, भानुदासचा संघ तीन धावांनी पुढे. आतापर्यंतचे सगळे बॉल भानुदासनंच टाकलेले, नेहमीसारखे. शेवटच्या इनिंगला क्लोजर म्हणून, म्हणजे शेवटच्या तिघांना बाद करून मॅच संपवायला, परीक्षित येणार, तेही नेहमीसारखंच. आघाडी तीनची राहिली तर ती राखल्याबद्दल नियमाप्रमाणे त्याच्या नावावर 'सेव्ह' लागणार होता आणि लीगचा विक्रम मोडणार होता. चारची झाली की काहीच नाही.

गेल्या दिवाळीत तिथल्या मराठी मंडळानं परीक्षितला शाल-श्रीफळ दिलं. मॅच जिंकून देणारा माणूस म्हणे! तिघांना बाद करणारा जिंकून देतो, मग अठरा जणांना बाद करणारा काय माशा मारत होता? तरी भानुदासनं टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेल्या बायकोनं, सुचित्रानं, वाजवल्या नाहीत. वर्षभर भानुदासला स्वतःच्या त्या टाळ्या सलत होत्या.

भानुदासनं परीक्षितकडे बघितलं, हसला, आणि थर्डवर पाय मारून तसाच सुटला. होम प्लेटवर धूळ उडवत आडवा पडला. चार!

"थांब म्हणत होतो ना यार!"

"ऐकू नाही आलं."

सातव्या इनिंगला कॅप्टन मनोहरनं बॉल पुढे केला, तर परीक्षित खांदा चोळायला लागला. "फोरच्या लीडला क्लोजर कशाला वेस्ट करतोस? शोल्डर टाइट आहे."

"आण इकडे," भानुदास म्हणाला.

पहिला झटकन बाद झाला. मग हात शिशासारखा जड झाला. एक धाव गेली, दुसरा बाद झाला, आणखी दोन धावा गेल्या. आघाडी एकाची, बेसवर दोघं. बाकावर परीक्षित खांदा चोळायचं विसरला होता. शेवटचा बॉल भानुदासनं दात आवळून टाकला आणि बॅट हवेतच फिरली. तिसराही बाद, मॅच खिशात.

ते शेवटचे तिघे खरंच वेगळे असतात, हे भानुदासला आज कळलं. मरेपर्यंत तो ते कुणाला सांगणार नव्हता.

"मस्त क्लोज केलंस, भाऊ!" परीक्षितनं हात पुढे केला.

भानुदासचा उजवा हात खांद्यातून उठेना. डावा मोकळा होता. त्यानं डाव्या हातानं बॅग उचलली आणि सुचित्रा उभी होती तिकडे चालू लागला.