तसबिरीतला सहदेव

अफगाणिस्तानची लढाई संपत आली होती. त्या साली ठाण्याच्या कचेरीतले कारकून दौलतराव मुंबईहून एक नवलाई घेऊन आले. डोळ्यांना लावायचं लाकडी यंत्र आणि त्यात घालायची तसबीर. तसबिरीत लढाईत पडलेले आपल्याकडचे शिपाई होते. यंत्रातून पाहिलं की प्रेतं हाताला लागतील इतकी जवळ येत. रविवारी दुपारी मित्र जमत, पान खात यंत्र फिरवत.

"तो कडेचा पाहिलात? अंगावरचे कपडेसुद्धा ओरबाडून नेलेत," दौलतराव हौसेने दाखवत.

पत्नी कलावतीने एकदा अडवलं. "मेलेल्या माणसावर आपण चादर घालतो. तुम्ही त्याला पाहुण्यांपुढे मांडता."

"अगं, जगात काय चाललंय ते कळायला नको?"

"कळल्यावर तुम्ही केलंत काय?"

दौलतराव हसले आणि यंत्राची काच पुसू लागले.

शेजारच्या रखमाबाईंचा मुलगा सहदेव त्याच लढाईवर गेला होता. वर्षभर त्याचा निरोप नव्हता. पुढच्या रविवारी एक मित्र म्हणाला, "म्हातारीला दाखवा की. ओळखते का बघू."

दौलतरावांनी खरंच त्यांना बोलावून आणलं.

रखमाबाईंनी यंत्र डोळ्यांना लावलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसले.

"कडेचा माझा," त्या म्हणाल्या. "लहानपणी चुलीपाशी भाजला होता, खांद्यावर डाग आहे. याला कुणी कापड का नाही घातलं?"

त्यांनी यंत्र खाली ठेवलं आणि एकेकाकडे पाहिलं.

"किती जणांनी बघितलं याला असा?"

दौलतराव पाय धरायला वाकले. रखमाबाई मागे सरल्या.

"ज्यांनी बघितलं त्यांच्या घरी जा. त्याचं नाव सांगून या."

दौलतराव निघाले. पहिल्याच घरी, त्या रविवारी न आलेला एक मित्र हकीकत ऐकून म्हणाला, "ओळख पटली? मग तसबीर पुन्हा दाखवा की, तो डाग बघू या."

दौलतरावांना त्यात आपलेच शब्द ऐकू आले. आजवर ते स्वतः असेच बोलत आले होते! "त्याचं नाव सहदेव," ते कसेबसे म्हणाले. "आता तो कुणाला दिसणार नाही."

तेवढंच सांगत ते घरोघर फिरले.

कलावतीने तसबीर कोऱ्या कापडात गुंडाळून रखमाबाईंच्या हाती दिली. त्यांनी ती खाडीकाठच्या स्मशानात जाळली. दौलतराव मागे उभे होते. रखमाबाईंनी त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

वाचकहो, दूरच्या दुःखाकडे पाहूच नये असं नाही. पण पाहण्याआधी विचारावं, हा कुणाचा कोण? आणि पाहून मी याच्यासाठी काय करणार? उत्तर सापडत नसेल, तर आपण मेलेल्याच्या अंगावरचं उरलंसुरलं कापड ओढतो आहोत, एवढं ओळखावं आणि नजर खाली घालावी.