पर्यटन दिनाची पाहुणी

जागतिक पर्यटन दिन म्हणे! कसला डोंबलाचा दिन. आमच्या हॉटेलात दरवर्षी त्या दिवशी फुगे लावतात, लॉबीत भाषणं ठोकतात, आणि आम्ही खोल्या आवरणाऱ्या बायका नेहमीसारख्या मागच्या जिन्याने चढतो. यंदा मॅनेजरसाहेबांच्या डोक्यातून नवीन टूम निघाली. एका कामगाराच्या घरच्यांना दिवसभर पाहुणे म्हणून ठेवायचं, तेही समुद्राकडच्या सगळ्यात महागड्या खोलीत. चिठ्ठ्या टाकल्या, माझं नाव निघालं.

मी आईला घेऊन गेले. आईची उमेदीची सगळी वर्षं याच हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करण्यात गेली. उभं राहून राहून गुडघे कामातून गेले. कायम म्हणायची, "एकदा या चादरींवर आडवं होऊन बघायचंय गं, कसं वाटतं ते." म्हटलं, आज बघ. मनसोक्त झोप.

साहेब फोटोग्राफरला घेऊन आले. फुलांचा गुच्छ काय, "पाहुणे म्हणजे आमचा प्राण" काय! आईला पलंगावर झोपायला लावलं. ती बिचारी चादर चुरगळेल म्हणून अगदी कडेला, अंग चोरून पडली. फोटो झाले.

साहेब म्हणाले, "चला, झालं आता. दुपारी खरे पाहुणे येतायत. तुम्ही आहातच, तर खोली लावून टाका."

गरज सरो, वैद्य मरो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दिवसभर म्हणाला होतात ना?"

"अहो, ते फोटोपुरतं. एवढंही कळत नाही?"

आणि आई? ती उठून चादरीचा कोपरा गादीखाली खोचायलाही लागली होती! वर साहेबांनाच म्हणते, "माफ करा हं, जरा सुरकुती पडली." साहेबांपेक्षा मला तिचाच जास्त राग आला. जन्मभर हेच केलंन. मी तिच्या हातातला कोपरा हिसकला, त्या चादरीचा पार चोळामोळा केला, रजई ओढली आणि ओरडले, "झोप! मुकाट्याने झोप!"

आईने घाबरून डोळे मिटले. मी साहेबांना आणि फोटोग्राफरला बाहेर काढलं, मीही बाहेर आले आणि दार लावून आडवी उभी राहिले. शिस्त, नोकरी, हॉटेलचे उपकार, सगळं ऐकवून झालं त्यांचं. मीही काही बाकी ठेवलं नाही. "फोटो छापणार ना? मग खाली हेही छापा, की पाहुणीला हाकललं!" फोटोग्राफर भिंतीला चिकटून ऐकत होता. शेवटी साहेबांनी मला बाजूला सारून दार उघडलं.

आत आई चक्क घोरत होती. तोंड उघडं, हातपाय पसरलेले, अख्खा पलंग तिचा.

"उठवा त्यांना."

"तुम्ही उठवा. लावा हात. काढू दे की यांना त्याचाही फोटो."

फोटोग्राफरने खरंच कॅमेरा वर केला. साहेब तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून मला लॉबीतले संडास दिले. देऊ देत. त्या दिवशी खरे पाहुणे दुसऱ्या खोलीत गेले, आणि आई दिवे लागेपर्यंत झोपली. उठली, आळस दिला, आणि कपाळाला आठ्या घालून मला म्हणाली, "उशी फार टणक आहे गं. सांग तुझ्या साहेबाला."