बेकरीचं छप्पर, वरून

पत्रे ठोकणाऱ्या म्हाताऱ्याला डॉक्टरांनी शिडी चढायला बंदी केली आणि त्याच महिन्यात बेकरीवाल्याने गावभर सांगायला सुरुवात केली, की याने बसवलेलं छप्पर गळतंय. झालं! चाळीस वर्षं हातोडी चालवून कमावलेलं नाव मातीत चाललं. दुसऱ्या कुणाला वर चढवायलाही म्हातारा तयार नव्हता. "तो आपलंच घोडं पुढे दामटणार. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. चूक ते धुराडं बसवणाऱ्याची आहे, लिहून ठेव."

हे तो लेकीला सांगत होता. लेक लग्नांचं शूटिंग करायची आणि नुकतंच तिने रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर घेतलं होतं, पोटाखाली कॅमेरा बांधता येईल असं.

"बाबा, मला अजून धड उडवता येत नाही."

"मग शिक की! मी काय उद्या मरतोय?"

मोकळ्या मैदानावर शिकणं सुरू झालं. पहिला आठवडा नुसतं गुडघाभर उंचीवर एका जागी तरंगवायचं. कलंडू नये म्हणून पायांना आडव्या काठ्या बांधल्या. मग कॅमेरा लावला, तर हातातल्या पडद्यावर चित्र असं थरथरलं की बघणाऱ्याला मळमळावं. म्हाताऱ्याने वरची दोन्ही पाती काढली, एकमेकांना जोडून मधोमध दोऱ्याने टांगली आणि जे पातं हलकं निघालं त्याला चिकटपट्टीचा तुकडा लावला. चित्र शांत झालं. त्या दिवशी स्वारी भलतीच खुशीत होती.

खरी पंचाईत पुढेच. शूटिंगवाली बाई, तिची नजर पडद्यावरून हटेल तर शपथ! हेलिकॉप्टर चाललंय कुठे, देव जाणे. म्हणून वर बघायचं काम म्हाताऱ्याकडे आलं. तो ओरडला, "डावीकडे!" तिने डावीकडे वळवलं आणि हेलिकॉप्टर थेट कुंपणात.

"डावीकडेच म्हणालात ना?"

"छपरावरून खाली बघणाऱ्याचं डावं गं! आम्ही वरूनच ओरडतो."

जन्माची सवय, दुसरं काय. त्या दिवसापासून डावं-उजवं बंद. झाडाकडे, टाकीकडे, रस्त्याकडे, एवढंच बोलायचं ठरलं.

बेकरीच्या सुट्टीच्या दिवशी दोघं मागच्या अंगणात उभे राहिले. बेकरीवाला हाताची घडी घालून पायरीवर बसला होता.

"टाकीकडे... अजून... बास, थांब."

दोन फेऱ्या झाल्या आणि हेलिकॉप्टर अलगद उतरलं. लेकीने मात्र पडद्यावर आधीच पाहिलं होतं. धुराडं ठणठणीत होतं. त्याच्या शेजारची पत्र्यांची ओळ उलटी होती: वरचा पत्रा खालच्यावर चढवायचा, तो त्याच्याखाली घातलेला. पाणी सरळ आत. बेकरीवाल्याला पत्र्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्याला दाखवूनही उमगलं नसतं.

"बाबा, चित्र हललंय," ती म्हणाली. "आज राहू द्या."

म्हाताऱ्याने पडदा तिच्या हातातून घेतला. सावलीत नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला. मग बेकरीवाल्याला हाक मारली.

"इकडे या. ही ओळ दिसतेय? ही मी उलटी बसवली. शेवटच्या दिवशी घाई झाली. धुराडंवाल्याला उगाच नाही नाही ते बोललो."

बेकरीवाल्याने हाताची घडी सोडली. त्याची भांडायची तयारी होती, याची नव्हती. "जाऊ द्या हो," तो पुटपुटला, "मी उगाच सगळीकडे बोलत सुटलो."

"उगाच कसं?" म्हातारा म्हणाला. "खरंच होतं ते. सांगा खुशाल."